चार दाते जास्त

नवऱ्याची गाडी बायकोनं गुपचूप मंद करून घ्यावी, आणि नवऱ्यानं कुरकुर करायची सोडून शीळ घालत घरी यावं, म्हणजे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. गादीवालीच्या मनात पाल चुकचुकली ती अशीच एका रविवारी, त्याची शीळ गल्लीच्या तोंडाशी ऐकू आली तेव्हा.

गल्लीत तिला सगळे गादीवालीच म्हणत. घराची पुढची खोली हे तिचं दुकान. मोटर लावलेलं एक शिवणयंत्र, रेक्झिनचे गुंडाळे, फोमचे तुकडे आणि कुणाकुणाच्या पोट फुटलेल्या खुर्च्या. नवरा छतं करायचा. लोकांच्या घरात घोडीवर उभं राहायचं आणि डोक्यावर थापी धरून दिवसभर प्लास्टर ओढायचं. मान वर, हात वर. आमचं घर ह्यांच्या उजव्या हातावर उभं आहे, असं ती म्हणायची, आणि त्यात काव्य काही नव्हतं.

गेल्या वर्षी तोच हात खांद्यातून निखळला होता. गावाबाहेरच्या टेकडीवर एक दगडधोंड्यांची वाट जाते. तिच्या मध्यावर गुडघाभर उंचीचा एक आडवा कातळ आहे, त्याला गाडीवाले लोक उंबरा म्हणतात. त्या उंबऱ्यावरून नवरा डर्ट बाइकसकट मागे कोसळला. डॉक्टरांनी हात बसवला आणि सांगितलं, पुन्हा असं पडलात तर हात कानाच्या वर जाणार नाही. म्हणजे मग छतं सोडून लोकांच्या जिन्याखालच्या भिंती तेवढ्या रंगवायच्या. नवऱ्यानं शब्द दिला, की टेकडी बंद. रविवारी दोस्तांबरोबर फिरेन, पण पाटाच्या कडेच्या सपाट वाटेनंच.

आता सपाट वाट म्हटली की पुरुषाचा हात ॲक्सिलरेटरवर शहाणा राहतो थोडाच. पाटाकडेला ह्यांच्या शर्यती लागतात, हे तिच्या कानावर आलं. तेव्हा ती गेली होयबाकडे.

होयबा म्हणजे तिचा चुलतभाऊ. चौकात त्याचं गॅरेज. जन्मात कुणाला नाही म्हणाला नाही, म्हणून हे नाव. गिऱ्हाईक म्हणालं आज दे, तर हो. म्हणालं फुकट दे, तरी हो, मग करायचा ते आपल्या मनासारखंच. तिनं त्याला सांगितलं, दाजींची गाडी पळता कामा नये असं काहीतरी कर, आणि त्यांना कळू देऊ नकोस. होयबानं आधी हातातला पाना उगाच पुसला, मग हो ताई म्हणाला. चेन बदलायच्या निमित्तानं गाडी त्याच्याकडे आली, आणि मागच्या चाकाची दातेरी चकती काढून त्यानं चार दाते जास्त असलेली मोठी चकती बसवली. पुढची लहान होती तशीच ठेवली. आता इंजिन कितीही ओरडलं तरी मागचं चाक आपल्या चालीनंच फिरणार, असं त्यानं तिला समजावलं. ती समाधानानं घरी आली. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी.

आता नवरा बोंबलणार, याची ती वाट बघत बसली. उत्तरंसुद्धा तयार होती. इंजिन जुनं झालं असेल, तुमचं वजन वाढलं असेल. पण नवरा काही बोलेचना. गाडी गल्लीतून निघाली की दूधवाल्याच्या दुकानापर्यंतच तिचे गिअर संपत आल्यासारखे वाटायचे, इतकी ती वरच्या पट्टीत ओरडायची. ते तिला घरात बसून ऐकू यायचं आणि त्याला गाडीवर बसून येत नव्हतं? दोस्त पुढे निघून जात असणार. त्याची ह्याला लाज नाही, चीड नाही. उलट आंघोळ करताना गाणं. जेवताना दोनदा वाढून घेणं. एकदा तर त्यानं आपणहून तिच्या यंत्राला तेल घातलं, आणि लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईला याहून मोठा धोक्याचा इशारा कुठला हवा?

ती डोळ्यांत तेल घालून बघू लागली. पाटाकडेची माती काळी आणि चिकट. गाडीच्या चाकांत आता तांबूस मुरूम अडकलेला दिसायचा. इंजिनाखालच्या पत्र्यावर नवे ओरखडे होते. जॅकेटला कसल्याशा चुरगळलेल्या रानगवताचा उग्र वास येत होता. विचारलं तर म्हणाला, पाटाचं काम चाललंय, खडी टाकलीय. एवढं सविस्तर उत्तर तो एरवी देत नसे. 'हं'वर भागवायचा.

तिनं धाकट्या बहिणीला फोनवर सगळं सांगितलं. बहीण म्हणाली, ताई, स्पष्ट बोलते, बाई असणार.

"बाई असती तर बरं," गादीवाली म्हणाली. "बाई निदान सपाटीवर राहते."

खरा उलगडा तिला झाला तो स्वतःच्याच यंत्रावर. एका मोटारीच्या बैठकीचं काम आलं होतं. जाड रेक्झिन, आत फोम, खाली कॅनव्हास, आणि कोपऱ्यात सगळ्याची दुमड. अशा ठिकाणी नेहमीच्या वेगानं शिवायला गेलं की सुई अर्ध्यात अडकते आणि मोटर गुरगुरते. म्हणून तिनं सवयीनं पट्टा काढून यंत्राकडच्या मोठ्या पुलीवर चढवला. यंत्र मंद झालं. सुई सावकाश खाली गेली आणि लोण्यात जावी तशी सगळ्या थरांतून पार झाली.

तिचा पाय पॅडलवर तसाच राहिला.

मंद म्हणजे जोरकस. आयुष्यभर हे ती हातानं करत आली होती, आणि होयबासमोर उभी असताना मात्र तिच्या डोक्यात आलं नव्हतं. मोठी चकती लावून तिनं गाडीचे पाय बांधले नव्हते, तिला चढायला बळ दिलं होतं. टेकडीची किल्लीच तिनं नवऱ्याच्या हातात ठेवली होती, आणि वर शीळ का घालतोय म्हणून विचारत होती.

तशीच उठून ती गॅरेजवर गेली. होयबा एका स्कूटरखाली आडवा होता. तिनं त्याला बाहेर यायला लावलं आणि विचारलं, ही गाडी आता टेकडी चढेल का? हो ताई, तो म्हणाला. मग मी सांगितलं तेव्हा तोंडात काय बोळा होता?

"तू मंद कर म्हणालीस. झाली ना मंद?"

जुनी चकती परत बसव, एवढंच ती म्हणाली. होयबा हो म्हणाला, पण हातातला पाना खाली ठेवीना. मग जमिनीकडे बघत त्यानं जे सांगितलं, ते त्याच्या आजवरच्या सगळ्या 'हो'पेक्षा लांब होतं. जुन्या चकतीवर गाडी सावकाश चढतच नाही. चढावर इंजिन गुदमरतं आणि बंद पडतं. म्हणून लांबून पळवत आणावी लागते, आणि उंबऱ्यावर आदळावी लागते. दाजी गेल्या वर्षी पडले ते तसेच. आता ते जायचंच म्हणत असतील, तर कुठल्या चकतीवर गेलेले बरे, ते तूच ठरव.

हे सांगताना तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता, हेही तिनं टिपलं. तिथून ती हात हलवत परत आली. चकती काढावी तर हा पळवत जाऊन पडणार, ठेवावी तर सावकाश जाऊन पडणार. आणि विचारावं, तर आपली लबाडी आधी उघडी पडणार. शेवटी तिनं ठरवलं, आपल्या डोळ्यांनी बघायचं.

रविवारी नवरा निघायच्या आधीच, बहिणीकडे जाते म्हणून पिशवी घेऊन ती बाहेर पडली आणि टेकडीच्या वाटेला लागली. धापा टाकत उंबऱ्याच्या थोडं खालपर्यंत पोचली आणि एका झुडपाआड बसली. गुडघे म्हणत होते, बाई, ह्या वयात नवऱ्यावर पाळत? पण गुडघ्यांचं कोण ऐकतं.

आवाज आधी आला. दोस्तांच्या गाड्या नव्हत्या, ही एकटीच होती. मग तो वळणावर दिसला. गाडीवर उभा राहून, गुडघे किंचित वाकवून तो वर येत होता, आणि किती हळू येत होता! एकेका दगडाला जणू विचारून चाक ठेवावं, तसा. इंजिन गुदमरत नव्हतं, ओरडत नव्हतं, एका लयीत धडधडत होतं. त्याचा चेहरा तिनं बघितला. छताचा शेवटचा कोपरा मारताना तो असा दिसायचा, जीभ दातांत धरून.

उंबऱ्यापाशी तो थांबला. इंजिन बंद केलं. खाली उतरून त्या कातळाकडे बराच वेळ बघत उभा राहिला. मग त्यानं गाडी जागच्या जागी फिरवायला घेतली, परत खाली जाण्यासाठी.

ती झुडपाआडून बाहेर आली. तो इतका दचकला की गाडी हातातून सुटता सुटता राहिली.

"बहीण इकडे राहायला आली वाटतं," तो म्हणाला.

"आणि पाट इकडे वळवला वाटतं," ती म्हणाली.

त्यानं गाडी स्टँडला लावली. मग त्यानं सांगितलं, की तो इथवरच येतो. दर वेळी. उंबऱ्याच्या पुढे एकदाही गेला नाही. ह्या जागेवर आपण मोडलो होतो, आता इथे न पडता येता येतं की नाही, एवढंच त्याला बघायचं होतं. पुढे जायला अजून भीती वाटते.

हे ऐकून तिला आपली लबाडी जड झाली. तिनं सांगून टाकलं, की चकती मी बदलायला लावली, तुम्ही पळू नये म्हणून. नवरा तिच्याकडे बघतच राहिला.

"अगं, ती तर मी बदलायला सांगितली होती. होयबाला म्हटलं, ताईला कळू देऊ नकोस."

"कधी?"

"तू जायच्या आधी असणार. मला म्हणाला, हो दाजी."

म्हणजे एका माणसानं एकच चकती बसवली, आणि दोघांचंही गुपित राखल्याचं पुण्य घेतलं. नवरा हसू लागला. तिलाही हसू येत होतं, पण ते अर्ध्या वाटेत अडकलं. कारण ज्या माणसानं आधीच चकती सांगून ठेवली होती, ज्यानं पाटावरच्या खडीची गोष्ट इतकी सुरेख रचली होती, तो 'इथवरच येतो' म्हणतोय. आणि आपण झुडपाआड नीट झाकलेले होतो का? पिशवीचा लाल बंद बाहेर दिसत नव्हता ना? आपल्याला बघूनच तर वळला नाही?

ती दोन्ही हात टेकून उंबऱ्यावर चढली. पलीकडची वाट तिनं वाकून न्याहाळली. चाकाची खूण असली तर आत्ता सापडेल. पण उंबऱ्यापुढे सगळा उघडा कातळ होता. त्यावर हत्ती गेला असता तरी खूण उमटली नसती.

"काय शोधतेस?" त्यानं खालून विचारलं.

"काही नाही. हात वर करा."

"काय?"

"उजवा हात. वर करा."

त्यानं केला. कानाला लागून सरळ वर, जसा रोज घोडीवर जातो तसा. खांदा थरथरला नाही. ती बघत राहिली, पुरे म्हणायचं विसरून, आणि तोही बिचारा त्या रानात शाळेतल्या पोरासारखा हात वर धरून उभा राहिला.

मग ती खाली उतरली. गाडीला मागे बसायला जागा नव्हती, पाय ठेवायलाही काही नव्हतं. मी चालते, ती म्हणाली. तुम्ही माझ्यामागून या. तो म्हणाला, तुझ्या चालीनं? ती म्हणाली, आता येते ना हिला तेवढी चाल.

येत होती. पहिल्या गिअरमध्ये, क्लचला हात न लावता, गाडी तिच्या मागून धडधडत उतरू लागली. तिनं दगडावर पाय जपून ठेवला की गाडीही जपून, ती रेंगाळली की गाडीही रेंगाळायची. गादीवालीनं एकदाही मागे वळून बघितलं नाही. पण पायथ्यापर्यंत तिचे दोन्ही कान पाठीवर होते. आवाज मागून येतोय ना, लांब तर जात नाही ना, एवढंच ऐकत ती उतरत राहिली.