दारातल्या माई

फोटोवालीने रोल परत गुंडाळायला कॅमेऱ्यावरची चकती फिरवली. चकती जड लागायला हवी होती. ती नुसतीच गरगर फिरली. तिने उजेड लागू नये म्हणून काळ्या पिशवीत हात घालून चाचपडत कॅमेरा उघडला. फिल्मचं टोक रिळाच्या खाचेत बसलंच नव्हतं. सकाळपासून वरचा आकडा सरकत होता, शटर वाजत होतं, आणि फिल्म डबीतून बोटभरही हलली नव्हती.

मुलगा घर सोडून जातो आणि आई दारात उभी राहते, हा चित्रपटाचा शेवटचा प्रसंग. पोस्टरवर तोच जायचा होता. शॉट ओके झाल्यावर दिग्दर्शक नेहमीप्रमाणे "स्टिल!" म्हणून ओरडले, आईचं काम करणाऱ्या माईंनी तिच्या कॅमेऱ्यासाठी पुन्हा एकदा तसंच रडून दाखवलं, आणि सगळे पांगले. आता सुतार सेटवरच्या घराच्या भिंती उतरवत होते.

तिने टोक नीट खाचेत बसवलं आणि ती धावतच तिकडे गेली.

"दार तेवढं राहू द्या जरा."

"काय हो बाई, राहिलं का काही?" मोठ्या सुताराने विचारलं.

"छे. उजेड मोजायचाय."

पहिल्यांदा सेटवर आली तेव्हा तिला केस विंचरणारी समजून टोपांच्या खोलीत पाठवलं होतं. गळ्यातला कॅमेरा बघून लाइटवाले हसले होते. या कामावर तोवर बाई कुणी पाहिलीच नव्हती. तेव्हापासून तिने डोळ्यांत तेल घालून काम केलं होतं. पुरुषाच्या हातून रोल वाया गेला, तर रोल वाया गेला. तिच्या हातून गेला, तर बायका वाया गेल्या असत्या. आणि आज, "आटपा बाई, आटपा" असं कुणीतरी मागून म्हणालं म्हणून तिने घाईघाईत झाकण लावलं होतं. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

माई आरशासमोर बसून कापसाने रंग उतरवत होत्या. आयुष्यभर पडद्यावर आयाच केल्यामुळे त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा त्यांना माई म्हणत. अर्धा चेहरा उतरला होता, पांढरा टोप अजून डोक्यावर होता.

"माई, पुन्हा दारात उभं राहावं लागेल तुम्हाला."

माईंचा हात थांबला. "रोल?"

तिने मान हलवली.

"कुणाला कळलंय?"

"नाही."

"मग रडतेस कशाला? पूस तो चेहरा. रडायचं काम माझं."

पण पुन्हा रंग लावून दारात उभं राहिल्यावर माईंना रडू येईना. त्यांनी डोळे मिटले, श्वास ओढला, ओठ थरथरवले. कॅमेऱ्यातून दिसत होती ती घरी जायला निघालेली एक दमलेली बाई. हा फोटो दिग्दर्शकांनी हातात घेताच बाजूला टाकला असता, आणि मघाचा रडतानाचा कुठे आहे, असं विचारलं असतं.

"आटलं गं सगळं," माई म्हणाल्या. "मघाशी मुलगा समोरून जात होता. आता समोर कोण? सुतार."

"माई, एकदाच. पाया पडते तुमच्या."

"मी का मुद्दाम करतेय?"

मागची भिंत धाडकन खाली आली. "झालं का बाई?" सुताराने हाक दिली.

मागच्या आठवड्यात पुढच्या चित्रपटासाठी मेकअप टेस्टचे फोटो फोटोवालीनेच काढले होते. असाच पांढरा टोप, अशीच शाल, आत नवीनच बाई. माईंना आम्ही सावकाश सांगू, तू बोलू नकोस, असं तिला बजावलं होतं. तेव्हापासून ती माईंची नजर चुकवत होती.

तिने कॅमेरा डोळ्याला लावला.

"माई," ती कॅमेऱ्याआडूनच म्हणाली, "पुढच्या चित्रपटात आई तुम्ही नाही. दुसरीला घेतलंय. टेस्ट मीच काढली."

माईंचा हात चाचपडत चौकटीकडे गेला आणि तिथेच राहिला. लांब जाणाऱ्या कुणाकडे तरी बघावं तशा त्या बघत राहिल्या. फोटोवालीने कळ दाबली. फिल्म पुढे घेतली, पुन्हा दाबली. स्वतःची तिला किळस आली, पण बोट थांबलं नाही.

सुतारांनी दार उचलून नेलं.

खोलीत परत आल्यावर माईंनी टोप काढून खुंटीला लावला. खाली त्यांचे स्वतःचे केस अगदी विरळ होते.

"मिळाला?"

"मिळाला."

"मघाशी म्हणालीस ते खरं होतं, का फोटोसाठी?"

फोटोवाली कॅमेऱ्याचा पट्टा हाताला गुंडाळत राहिली.

"फोटोसाठी," ती म्हणाली.

माईंनी आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. मग कापूस तेलात बुडवला.

"फोटो चांगले काढतेस हो तू," त्या म्हणाल्या. "अभिनय मात्र जमत नाही तुला."