माघारी तापणारा डबा

झरीच्या सरजाबाईंच्या रेडिओचे सेल सारखे उतरायचे, म्हणून त्यांच्या जावयानं, सूर्यभाननं, घरीच एक डबा जोडून दिला. डब्याची वायर प्लगात खोचली की रेडिओ सेलविना बोलायचा. सूर्यभानची नोकरी पूर्णेला रेल्वेत, पण जीव सगळा तारा जोडण्यात.

सरजाबाईंना फक्त सातच्या बातम्या हव्या असत. विद्यापीठाच्या नामांतराचं काय झालं ते शेजाऱ्याच्या तोंडून ऐकणं त्यांना पटत नसे. आणि नेमका बातम्या रंगात आल्या की रेडिओ मुका व्हायचा.

कारण सूर्यभानला कळत होतं. डब्यात तीन पायांचा रेग्युलेटर होता. रेडिओला सोसेल एवढीच वीज पुढं सोडायची, हे त्याचं काम. फार तापला की तो आपणहून थांबायचा, निवला की पुन्हा चालू. पण तापतो कशानं? सूर्यभाननं एकदा येऊन ट्रान्सफॉर्मर बदलला. पुन्हा येऊन, धग बाहेर पडावी म्हणून, रेग्युलेटरच्या पाठीला ॲल्युमिनियमचा पत्रा लावला. दोन्ही खेपेला तो समोर बसला आणि रेडिओ बातम्यांपासून भजनापर्यंत अखंड बोलला. तो पूर्णेला पोचला न पोचला तोच निरोप: डबा तापला.

"दाजी, तुमचा डबा लय मानपान पाळतो," मेहुणा आश्रुबा म्हणाला. "जावयासमोर गुमान ऱ्हातो, माघारी त्याच्या आंगात येतं. येत्या बाजारी मी दुकानातलाच आणतो."

'दुकानातला' हा शब्द सूर्यभानला फार लागला. पुढच्या खेपेला तो निरोप न देताच झरीला आला. पाहतो तर फळीवर डबा दुपट्यात गुंडाळलेला! जुन्या लुगड्यांचे जाड थर, बारीक टाके, कोपऱ्यांना गोंडे. आत हात घातला तर भाकरी शेकावी अशी धग.

"अगं बाई!" सरजाबाईंनी घाईनं दुपटं ओढून काढलं. "तुमी येणार म्हणलं की काढून ठिवते. न्हाईतर म्हणाल, माझी चीज झाकूनच ठिवली, वापरीत न्हाईत."

"म्हंजे रोज झाकलेला असतो, मामी?"

"मग! जावयाची चीज धुळीत ठिवू का? तुमी पत्रा लावल्यापासून तर दोन पदर जादा घातलेत. पत्रा लय गार पडतो."

गप्प राहावं तर दुकानातला डबा येतो. बोलावं तर सासूच्या शिवणाला बोल लागतो.

"दुपटं लय ग्वाड हाय, मामी," तो जपून म्हणाला. "पर याचा सोभावच उलटा. याला ऊब सोसत न्हाई."

आश्रुबा खो-खो हसला. "म्हंजे माय, तू त्याला लेकरू समजून निजवायलीस व्हय इतके दिवस!"

"तू गप रे, फिदीफिदी हसतंय!" सरजाबाई कडाडल्या.

सात वाजले. डबा उघडा ठेवला आणि सरजाबाई विंझणा घेऊन त्याला वारा घालायला बसल्या.

"मामी, आता वाऱ्याची गरज न्हाई."

"असू द्या. पुन्हा तापला तर बोल माझ्या दुपट्यालाच लागंल."

बातम्या शेवटपर्यंत लागल्या. आश्रुबा बाजाराचं नाव काढीना. चैतातला उकाडा होता, सूर्यभानचा सदरा पाठीला चिकटला होता. कुणाला दिसणार नाही अशा बेतानं तो हळूहळू डब्याजवळ सरकला.