गोठलेल्या बोटांसाठी शिवलेला पट्टा

मी एक जुना कमरपट्टा आहे. मित्रांनो, पँट सांभाळणाऱ्या चामडी पट्ट्यांच्या घराण्याशी माझा काही संबंध नाही. मी तंबूच्या जाड कापडाचा, आतून जुन्या घोंगडीचं अस्तर लावलेला, कप्प्याकप्प्यांचा आहे. बर्फात अडकलेल्या माणसाला तग धरायला जे लागतं ते माझ्या पोटात असतं, आणि मी त्या माणसाच्या कोटाआड, त्याच्या पोटाशी असतो.

आमच्या घरातल्या शेवटच्या साध्यासुध्या दिवशी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पोट उघडं टाकून पडलो होतो. हिवाळा तोंडावर आला की दरवर्षी माझी अशी झाडाझडती व्हायची. बाबा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून माझी शिवण तपासत होते. सारं आयुष्य त्यांनी लाइनमन म्हणून विजेच्या तारा जोडण्यात घालवलं होतं. आता ते निवृत्त होते. समोर त्यांची मुलगी बसली होती. ती परिचारिका, डोंगरावरच्या वस्त्यांत घरोघर फिरून म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं तपासणारी. दुसऱ्या दिवशी ती वर जाणार होती. खिडकीशी आई मोज्याची टाच विणत होती. टेबलाच्या मधोमध बर्फ घातलेल्या पाण्याचं घमेलं होतं.

"घाल हात," बाबा म्हणाले.

"बाबा, मी काय आता शाळेत आहे?"

"थंडी वय विचारून चावत नाही. घाल."

"घाल बाई एकदाचे," आई म्हणाली. "नाहीतर आज जेवायला उशीर होणार, आणि बोलणी मी खाणार."

तिने हात बुडवले. बोटं लाकडासारखी होईपर्यंत ते बाहेर काढायचे नाहीत, हा या घराचा नियम. मग त्याच बोटांनी माझी गुंडी उघडायची, बाटलीचं झाकण काढायचं आणि काडी पेटवायची. लाकडाची लांबट गुंडी झटकन सुटली. झाकण मात्र सुटता सुटेना. सुटलं तेव्हा सगळ्या काड्या टेबलावर सांडल्या आणि एक बाबांच्या चहात पडली.

"ढवळून घ्या आता," आई म्हणाली.

बाबा हसले नाहीत. त्यांनी बाटली हातात घेऊन झाकण फिरवून पाहिलं. "तुझी बोटं चुकली नाहीत. झाकण चुकलं." त्यांनी औषधाची रुंद तोंडाची बाटली शोधली आणि झाकणाला जाड सुतळीचा फास बांधला, दातांनी ओढता यावा म्हणून. मेणात बुडवलेल्या काड्या तिच्यात भरल्या. मग जाड मेणबत्ती, पेट्रोलियम जेली चोळलेले कापसाचे बोळे, शिट्टी, दोरी, घडी घातलेलं चंदेरी पांघरूण, साखरेचे खडे, असं एकेक आपापल्या जागी गेलं. शेवटी माझ्या तोंडावर त्यांनी लाल दोऱ्याची सुरगाठ मारली.

"ही कशाला?"

"गेल्या वर्षी साखर अर्ध्या वाटेतच संपली होती."

"मी नाही खाल्ली."

"मग कोटात उंदीर शिरला असेल," बाबा म्हणाले. "हिसडा दिला की सुटते. पण विनाकारण द्यायचा नाही."

सकाळी ती मला बांधून निघाली. "येते, बाबा." "ये." एवढंच. ती वरच्या वस्तीत असताना निरोप आला. बाबा बूट घालायला खाली वाकले ते वर उठलेच नाहीत. वादळ, तुटलेली तार, चुकलेली वाट, सगळ्यांची तयारी माझ्यापाशी होती. या गोष्टीसाठी माझ्या एकाही कप्प्यात काही नव्हतं.

मित्रांनो, माझा जन्म झाला तेव्हा ती शाळेत जात होती. बाबांचा एक सोबती कड्याखाली अडकला होता. त्याच्या पिशवीत सगळं होतं, पण पिशवी बर्फाखाली गेली आणि त्याच्या पायांची बोटं काढावी लागली. त्या दिवशी बाबा घरी आले ते थेट आईच्या शिलाई मशीनवर फाटका तंबू घेऊन बसले.

"अहो, ती मशीन अभ्र्यांची आहे, तंबूची नाही."

"सुई मोडली तर आणून देईन."

सुया मोडतच गेल्या आणि मी तयार झालो. "जे अंगावर नाही ते आपलं नाही," असं म्हणत त्यांनी मला कमरेला बांधलं. ते बघून आईने माझं नाव सवत ठेवलं. "माझ्यापेक्षा तीच जास्त मिठीत असते," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

वादळात तारा तुटल्या की मी आणि बाबा निघायचो. इतकी लोकर अंगावर घालून वावरायची म्हणून घरात जिला 'गाठोडं' म्हणायचे, ती मुलगी तेव्हा भिंतीकडे तोंड करून पुस्तक वाचत बसायची. रडणं नाही, जाऊ नका म्हणणं नाही. पान मात्र उलटायची नाही, हे मी दारातून पाहिलं आहे. आम्ही परत आलो की ती बाबांच्या गळ्यात पडायची नाही. मला टेबलावर उघडून काय संपलं ते बघायची.

"काड्या कमी झाल्यात."

"वर चहा केला."

"मेणबत्तीपण अर्धी आहे."

"चहा पुन्हा केला."

मग ती गुपचूप सगळं भरून ठेवायची. बाबा कौतुकाने म्हणायचे, "आमचं गाठोडं भारी व्यवहारी." त्या दोघांचं जे काही बोलणं होतं, ते असं माझ्यामार्फत चालायचं.

बाबा गेल्यानंतर ती मला रोज बांधायची, पण उघडायची नाही. तो हिवाळा गेला, दुसरा आला, तरी माझी झाडाझडती झाली नाही.

"अगं, काड्या सर्दावल्या असतील. बघ तरी," आई म्हणायची.

"नको, आई. गाठ त्यांची आहे."

घरात मला फार मान मिळू लागला. मला हलक्या हाताने उचलत, उंच खुंटीवर टांगत. मित्रांनो, आत काय सडतंय हे कुणी बघत नसेल, तर असल्या मानाचं काय करायचं?

मग एका दुपारी, वरून परतताना, वारा सुटला आणि वाट पुसली गेली. उतारावर तिचा पाय सरकला. पाठीवरची पिशवी सुटून घरंगळत दरीत गेली. ती उन्मळून पडलेल्या एका झाडाच्या आडोशाला शिरली, खाली फांद्या अंथरल्या, आणि मला कोटाखालून बाहेर काढलं.

लाल दोरा तिच्या बोटांत होता. ती ओढेना. बोटं पांढरी पडत होती आणि ती त्या गाठीकडे बघत बसली होती. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो, पोरी, ओढ, ही गाठ सुटण्यासाठीच मारली आहे. शेवटी बोटांनी साथ सोडली, तेव्हा तिने दोरा दातांत धरला आणि हिसडा दिला. बाबांची गाठ जराही न अडता सुटली.

झाकणही दातांनीच निघालं. पहिली काडी मोडली. दुसरी नुसतीच खरखरली. तिसरीने पेट घेतला. मेणबत्ती दोन्ही पायांच्या मध्ये, पांघरूण डोक्यावरून, श्वासाला वर थोडी फट, तोंडात साखरेचा खडा. अंधार होण्याआधी वारा पडला. तिने शिट्टी वाजवली, आणि रस्त्यावरचा बर्फ उपसणाऱ्या माणसांनी खालून ओ दिली.

आज माझ्या पोटात बाबांनी भरलेलं काहीही उरलेलं नाही. सगळं तिने भरलेलं आहे. आईने अस्तर उसवून नवं लावलं, आणि लावताना "सवतीचे लाड" म्हणून दोनदा नाक मुरडलं. मित्रांनो, ज्या वस्तूत कुणाचा जीव होता तिला देव्हाऱ्यात बसवू नका. ती वापरा, झिजवा, संपेल ते पुन्हा भरा. आमच्यासारख्यांना याहून वेगळी माया कळत नाही.

ती कशी वाचली हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मेणबत्ती पेटली तेव्हा त्या पांघरुणाखाली ती काय बोलली, ते मी एकट्याने ऐकलं. ज्योतीकडे बघत, बाबा जणू समोरच बसलेत अशा साध्या आवाजात ती म्हणाली, "बाबा, तुम्ही निघालात की मला खूप भीती वाटायची. आणि दारात दिसलात ना, की इतकं बरं वाटायचं, इतकं बरं वाटायचं, की मला बोलताच यायचं नाही."