डावा बोल्ट

बोल्टाचं डोकं माझ्या पान्यात राहिलं आणि बाकीचा बोल्ट सायलेन्सरच्या नळीत. ट्रकखाली उताणी पडल्या पडल्या मी त्या डोक्याला अशा शिव्या घातल्या, की आमचे हे असते तर म्हणाले असते, "तोमिए, शेजारी ऐकतील." ऐकायला शेजारी आहेत कुठे? उत्तर जपानातल्या अकिताच्या डोंगरातल्या आमच्या या वाडीत आता दिवा लागतो तो माझ्याच घरात.

दोष मिठाचा. हिवाळाभर रस्त्यावरचं बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि ते गाड्यांचं पोट खातं. आमच्या छोट्या ट्रकच्या नळीच्या सांध्यातलं पॅकिंग जळालं होतं, ट्रक घसा फाडून ओरडत होता आणि सरकारी तपासणी सोमवारी. नापास झाला तर ट्रक गेला. ट्रक गेला म्हणजे दुकान नाही, दवाखाना नाही, आणि मी सेंदाई शहरात, मुलाच्या, नाओतोच्या घरी. त्याने माझ्यासाठी सातव्या मजल्यावरची एक खोली रिकामी करून ठेवलीय. गुणी मुलगा आहे. पण तिथे मी महिन्याभरात वाळून जाईन.

खाली गावात कुदोचं गॅरेज होतं, तोही गेल्या वर्षी मुलीकडे राहायला गेला. निघताना मला म्हणाला, "वहिनी, आता तुम्हीही हट्ट सोडा." मी म्हटलं, "तू तुझे पाने विक, माझा हट्ट माझ्यापाशी राहू दे." त्याने पाने विकले नाहीत, मलाच देऊन गेला.

"गंजलेला बोल्ट सोडवायचा तर आधी केसभर आवळायचा," असं हे नेहमी सांगायचे. मी ऐकून ऐकून कंटाळले होते. आज नेमकं तेच विसरले, जोर लावला आणि कट्!

नळी बाजूला काढली तेव्हा बोल्टाचा पेरभर तुकडा दिसला. पकडीत धरून पिळला, तर पकड घसरून बोटांची सालटी निघाली. मग आठवलं, हे अशा वेळी काय करायचे ते. घरात गेले, पितरांच्या देव्हाऱ्यातल्या यांच्या फोटोपुढची मेणबत्ती उचलली. "तुमचीच आहे, तुमच्याच ट्रकला लावतेय," असं सांगून आले. गवत जाळायच्या गॅसच्या बर्नरने तुकडा लाल केला, जरा निवू दिला, मेणबत्ती टेकवली. मेण आट्यांत शिरलं, देव्हाऱ्यासारखा वास सुटला. पकड घट्ट लावली आणि या वेळी आधी आवळलं. केसभर. मग सोडवलं. पुन्हा आवळलं, पुन्हा सोडवलं. रुसलेल्या माणसासारखा तो कुरकुरत, थोडा थोडा, पण आला बाहेर.

नवं पॅकिंग, नवा बोल्ट. आवळून झाल्यावर माझं बोट आपोआप वर गेलं.

"डावा बोल्ट, ठीक!"

आणि मी तशीच पडून राहिले.

हे रेल्वेत रुळांवर कामाला होते. तिथली रीत अशी, की काम झालं की बोट दाखवून मोठ्याने सांगायचं, आणि जोडीदाराने पाहून तेच परत म्हणायचं. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. हे ट्रकखाली, मी बाहेर वाकून. मी "ठीक" म्हटल्याशिवाय हे बाहेर येत नसत. एकदा मी उतू जाणारा भात उतरवायला आत गेले आणि शेजारणीशी बोलत बसले, तर हे अर्धा तास तसेच खाली! चिडलेही नाहीत. आज मला ते आठवून हसू आलं, आणि मग हसू राहिलं नाही. किती एकटी झालेय मी, हे मला तिथे चिखलात कळलं.

खिशातला फोन वाजला. नाओतो.

"आई, कुठे आहेस? आवाज घुमतोय."

"ट्रकखाली."

"अगं! पडलीस का?"

"मेले नाही रे. मोडलेला बोल्ट काढला. नवा बसवलाय."

"तुझ्यासाठी कपाट आणलंय कालच," तो म्हणाला.

"नाओतो, म्हण. डावा बोल्ट, ठीक."

"मला इथून दिसतोय का तो?"

"म्हण रे. कोणी म्हटल्याशिवाय बाहेर कसं यायचं?"

हा खेळ तो लहानपणापासून बघत आलाय. आता "ठीक" म्हटलं की आई इथेच राहणार, हे त्यालाही कळत होतं.

"डावा बोल्ट," तो म्हणाला. आवाज अगदी यांचा. "ठीक." रडत होता, गाढव.

फोन ठेवला आणि मी सरपटत बाहेर आले. हात द्यायला कोणी नव्हतं. ट्रकचं दार धरून उठले.