पांढऱ्या मोज्यांतलं पावणं

पंप घरी ठेवला तो मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण राजवीर ही गोष्ट सांगताना मला वाचवतो आणि मग मला जास्त लाज वाटते. पाठीवरच्या पिशवीत एक तर पंप मावत होता, नाही तर एक किलो भडंग. पंप खाता येत नाही, एवढाच विचार मी केला.

राजवीर माझा मित्र. बिद्रीच्या बाजूला त्याच्या घरी चौदा म्हशी आहेत आणि त्याचा आवाज त्यांच्याशी बोलून बोलून तसा झालाय. मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीत कास्टिंगच्या भेगा तपासतो. सहा दिवस बारीक भेगा बघितल्यावर रविवारी दरी बघावीशी वाटते. तीही भेगच, फक्त रिजेक्ट करता येत नाही.

राधानगरीच्या वरच्या अंगाला जंगलातून जाणारा एक जुना रस्ता पावसाळ्यात खचला. तेव्हापासून तो गाड्यांना बंद आहे. तोंडाशी मातीचा ढीग आणि पाटी : ‘वाहनांस प्रवेश बंद’. राजवीरनं पाटी दोनदा वाचली.

“श्रेयस, सायकल वाहन हाय काय रं?”

“हवा असेपर्यंत,” मी म्हणालो. तेव्हा ते विनोदी वाटलं.

हंगाम चालू होता. तिथवर आम्ही उसाच्या ट्रॉल्या चुकवत, जीव मुठीत धरून आलो होतो, त्यामुळे ढिगावरून सायकली पलीकडं उतरवल्यावर पहिला किलोमीटर स्वर्ग वाटला. एका हाताला कातळ, दुसऱ्या हाताला दरी, खाली ओढा, वर झाडं एकमेकांत मिटलेली. मग हळूहळू त्या शांततेचा त्रास सुरू झाला. हॉर्न नसलेला रस्ता कोल्हापूरच्या माणसाला सहन होत नाही. पाचव्या किलोमीटरला राजवीर स्वतःच तोंडानं ‘पॉंऽऽ’ म्हणाला. समोरच्या कातळानं ‘पॉंऽऽ’ म्हणून उत्तर दिलं. 

सातव्या किलोमीटरला माझं मागचं चाक बसलं. चार वाजत आले होते. ट्यूब बाहेर काढली, काटा सापडला, ठिगळ लावलं, सगळं शिस्तीत. मग राजवीरनं हात पुढं केला. मी त्याच्या हातावर भडंगाचं पाकीट ठेवलं.

त्यानं पाकीट फोडलं. एक मूठ तोंडात टाकून तो बसलेल्या चाकाकडं बघत चावत राहिला. 

तेवढ्यात वरच्या पाऊलवाटेनं एक म्हातारी वाळल्या पाल्याचा भारा घेऊन उतरली. वरच्या वाडीतली बयाबाई, असं तिनं आम्ही न विचारता सांगितलं.

“कुठलं रं बाळानू?”

“कोल्हापूर, आज्जी.”

“एवढ्या लांब सायकलीवनं? का, गाडीत घ्याला कुणी तयार न्हवतं?”

“वाडीत पंप हाय काय आज्जी कुणाकडं? हवा मारायचा?” राजवीरनं विचारलं.

“वाडीत कशाचा पंप! आनि फुडं जाऊ नगासा. वळणावर पावणं बसल्यात.”

राजवीरचा चेहरा उजळला. “किती जण?”

“दोघं. सकाळधरनं हाईत.”

“दिसाय कसं हाईत?” मी विचारलं.

“काळं. अंग नुसतं चकचकीत, ताणल्यागत. आनि गुडघ्यापतोर पांढरं मोजं घाटल्यागत.”

आम्ही एकमेकांकडं बघितलं. काळे, चकचकीत, अंगाला ताणून बसणारे कपडे आणि पांढरे मोजे. सायकलवाले. तेही मोठे, हेल्मेटला आरसा लावणारे.

“त्यातलं एक लई तापट हाय,” बयाबाई म्हणाली.

“पुण्याचे,” मी म्हणालो. “तसले लोक दोन-दोन पंप घेऊन फिरतात. तू जा राजवीर, तुला माणसं जोडता येतात.”

हे वाक्यही माझंच.

बयाबाई भारा टेकवून ओढ्यावर पाणी प्यायला उतरली. राजवीरनं माझी पंक्चर सायकल धरली आणि तो ढकलत निघाला. जाताना म्हणाला, “पुण्याचं असलं तरी पंप दितील की. कातडं न्हाय मागत आपण.”

बयाबाई तोंड पुसत वर आली. “दुसरं कुठं गेलं?”

“पावण्यांकडं. पंप मागायला.”

तिनं कपाळावर हात मारला, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

“आरं मुडद्या, पावणं म्हंजे माणूस वाटलं व्हय तुला?”

“मग?”

“जंगलात त्येचं नाव घ्याचं न्हाई. नाव घेतलं की येतंय. आमी पावणं म्हणतो.” तिनं दोन्ही हात डोक्याच्या दोन बाजूंना धरले आणि बोटं आत वळवली.

 अख्खं कोल्हापूर अनोळखी माणसाला पावणं म्हणतं. चहाच्या गाडीवर, एसटीत, भांडणातसुद्धा. ही म्हातारी मात्र आम्हाला आल्यापासून बाळानू म्हणत होती. ते मला तेव्हाच टोचायला हवं होतं. भेगा शोधायचा पगार घेतो मी.

“आज्जी, गव—”

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला पाल्याचा वास होता.

“मागल्या म्हैन्यात आमच्या ज्ञानूला बांधावरनं शिंगावर उचाकलं. आजून पालथं झोपाय येत न्हाई त्येला.”

“हाक मारू राजवीरला?”

“आरडलास तर सपलं. आवाजाकडंच येतंय ते. गप जा, गप घिऊन ये. लई लांब न्हाई. आमी फोन लावाय जातो न्हवं, त्येच वळण.”

फोन. वळणावर रेंज होती.

राजवीरची आई, शालूबाई, रोज साडेचारला फोन करते. म्हशींच्या धारेची वेळ. लेक घरात असला तरी मागच्या परड्यातून करते. आणि गोठ्यात कडबाकुट्टी यंत्राच्या आवाजात ऐकू यावी म्हणून राजवीरनं जी रिंगटोन ठेवली आहे, ती त्याच्या राणी नावाच्या म्हशीच्या रेकण्याची आहे. पूर्ण आवाजात. मीच रेकॉर्ड करून दिली होती, त्याच्या वाढदिवसाला.

घड्याळात चार बावीस.

मी पळालो. चार पावलांत कळलं की पाठीवर भडंग वाजतंय. चुर्र, चुर्र, चुर्र. पिशवी रस्त्यावर ठेवली. मग बूट वाजायला लागले. तेही काढले. मोज्यांवर, टाचा उचलून, मी जंगलातून चाललो होतो आणि माझे मोजेही पांढरे होते, हे बघून उगाचच भीती वाढली.

वळणाच्या अलीकडं वास आला. गोठ्याचा. एरवी त्या वासानं बरं वाटतं.

राजवीर रस्त्याच्या मधोमध उभा होता. डावा हात सायकलीवर, उजवा हात राम राम घालायला अर्धा वर गेलेला आणि तिथंच राहिलेला. त्याच्यापुढं पंधरा पावलांवर तो. म्हैस म्हणजे त्याचा पासपोर्ट फोटो. खांद्यावरचा उंचवटा राजवीरच्या डोक्याच्या वर. त्यानं एकदा नाकातून श्वास सोडला आणि रस्त्यावरची पानं सरकली. दुसरा मागं झुडपात होता. त्याचा फक्त कान हलत होता.

राजवीरनं मान न हलवता डोळे माझ्याकडं फिरवले. मग ते खाली, शर्टाच्या खिशाकडं नेले. त्यालाही वेळ माहीत होती.

मी तळहातानं सावकाश खूण केली. हळू. घे. बंद कर.

वर अडकलेला त्याचा हात खाली येऊ लागला. एवढा हळू हात मी बघितलेला नाही. मी घड्याळाकडं बघत नव्हतो, पण मनात आकडे पडत होते. शालूबाई आज विसरू देत. पाय मुरगळू दे त्यांचा, थोडासाच. म्हैस लाथ मारू दे. माणूस भीतीत कुणाच्या आईबद्दल काय मागेल सांगता येत नाही.

बोटं खिशाला लागली आणि राणी रेकली.

एक नाही. समोरच्या कातळातून दुसरी, दरीतून तिसरी, मागून चौथी. सगळ्या बाजूंनी राण्या. गव्यानं डोकं खाली घातलं. तो कधी निघाला ते दिसलंच नाही. राजवीरनं सायकल पुढं ढकलली, स्वतः कातळावर पाठ आपटून पडला आणि मधल्या जागेत लोखंडाचा आवाज झाला. शिंग सायकलीच्या दांड्यांमधून आरपार गेलं. त्यानं मान झटकली. सायकल निघाली नाही. पुन्हा झटकली. सायकल त्याच्या तोंडावर आली, मागचं चाक डोळ्यासमोर गरगरलं, आणि तो ते सगळं घेऊन झाडी मोडत वर चढला. दुसरा त्याच्या मागं. फांद्या तुटत गेल्या. मधेच सायकलची घंटा वाजली. ट्रिंग.

राणी अजून रेकतच होती. राजवीरनं फोन कानाला लावला. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच बारीक ऐकला.

“आई... व्हय... न्हाय, उशीर हुईल जरा. पावण्यांकडं हाय.”

पलीकडून शालूबाई मलाही ऐकू आल्या. “मग त्यास्नी जेवाय घिऊन ये की घरी! तसंच सोडून येऊ नगंस, वाईट दिसतंय!”

“व्हय,” राजवीर म्हणाला, आणि खाली बसला.  मी त्याला धरून उठवलं, परत येताना वाटेत टाकलेले बूट आणि भडंगाची पिशवी उचलली. शालूबाईंच्या आमंत्रणाचंही हसू आलं नाही. पुढं चार दिवस आलं नाही.

बयाबाई भाऱ्यापाशी उभी होती. तिनं आमच्याकडं बोट करून मोजलं, “एक, दोन,” आणि मगच भारा डोक्यावर घेतला. “उजेड हाय तवर निघा. गप जावा,” म्हणाली आणि पाऊलवाटेनं वर गेली.

राजवीरची सायकल ढकलत आम्ही परत फिरलो. सात किलोमीटर. ऊन दरीच्या वरच्या काठावर गेलं होतं, खाली सगळं निळसर झालेलं. भडंगाला दोघांनीही हात लावला नाही, ते वाजतं.

पहिल्या वळणावर मागून, वरच्या झाडीतून आवाज आला. ट्रिंग.

आम्ही थांबलो. तोही थांबला. चाललो. पाला चुरडत काहीतरी जड आमच्या बरोबरीनं चाललं. पुन्हा, जरा जवळून, ट्रिंग.

राजवीरनं माझा दंड धरला आणि कानात, अगदी हळू, म्हणाला, “साइड मागतंय.”

आम्ही दोघं कातळाला चिकटलो, श्वास धरला, आणि साइड दिली.