काकू, रिव्हर्स आणि मी

मित्रांनो, मी अंडे नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण रस्त्यात मला पाहिले की मुले तेच ओरडतात. मी एक जुना प्रवासी ट्रेलर आहे. पांढरा, पोटाने गोल, दोन चाकांवर उभा. मोटारीच्या मागे जोडले की मी चालतो आणि सोडले की घर होतो. माझ्या पोटात दोघांना झोपायला पलंग आहे, जेवायला टेबल आहे, हात धुवायला बेसिन आहे आणि उंच माणसाला डोके आपटायला एक कपाटही आहे.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. तिथे दोन मोठे साचे होते, एक माझ्या वरच्या अर्ध्या अंगाचा आणि दुसरा खालच्या. कारागीर साच्याला आतून पांढरा थर देत, त्यावर काचेच्या धाग्यांचे कापड अंथरत आणि उग्र वासाचे रेझिन ब्रशने त्यात जिरवत. मग रूळ दाबून दाबून फिरवत आणि आतली हवा बाहेर काढत. एखादा बुडबुडा राहून गेला तर पुढे तिथेच तडा जातो. रेझिन वाळून कडक झाले, दोन्ही अर्धी साच्यांतून निघाली आणि कंबरेवर एकमेकांना कायमची चिकटली. माझ्या भिंतीत लाकूडही नाही आणि पत्राही नाही. त्यामुळे मला वाळवी लागत नाही आणि गंज चढत नाही. याचा मला भारी गर्व होता. तो कसा उतरला, ते सांगतोच.

मला विकत घेतले उस्तादांनी. ते शहरातली बस चालवत. डेपोतली सगळी मंडळी त्यांना उस्ताद म्हणत, म्हणून मीही म्हणतो. नोकरी संपली त्याच महिन्यात ते मला घेऊन आले आणि गल्लीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आयुष्यभर थांबा येईल तिथे थांबलो. आता मनाला येईल तिथे थांबणार!"

त्यांच्या पत्नी शिवणकाम करत. गल्लीच्या त्या काकू, म्हणून माझ्याही काकू. त्या टेप घेऊन माझ्या पोटात शिरल्या आणि थोड्याच वेळात वैतागून बाहेर आल्या.

"अहो, सरळ अशी एक भिंत नाही हो मेल्याला! पडदा लावायचा तरी कुठे?"

पण काकूंनी हार मानली नाही. पडद्यांना वर आणि खाली अशा दोन्हीकडे दोऱ्या ओवल्या आणि ते माझ्या गोल अंगाला मोज्यासारखे घट्ट बसवले. गाद्यांना निळ्या पट्ट्यांची खोळ शिवली. मी स्वतःला आरशात कधी पाहिले नाही, पण मुक्कामाच्या जागी लोक आत डोकावून "वा!" म्हणत, तेव्हा माझी छाती फुगायची. म्हणजे ती गोल असतेच, पण जरा जास्त.

किती रस्ते पाहिले म्हणून सांगू! तळ्याकाठी राहिलो, दीपगृहाखाली राहिलो, पाइनच्या झाडांत राहिलो. उस्ताद माझी निगा राखत ती अशी की दुसऱ्या ट्रेलरांनी हेवा करावा. दरवर्षी चाके उतरवून बेअरिंग धूत, नवे ग्रीस भरत. छतावरच्या झरोक्याची कड बोटाने चाचपून पाहत आणि फटी बुजवणाऱ्या लुकणाला बारीकशी चीर दिसली तरी खरवडून नवे भरत. टायर गुळगुळीत व्हायची वाट पाहत नसत, वय झाले की बदलून टाकत. "उभा राहून राहूनही रबर म्हातारं होतं," असे ते म्हणत.

मग एक दिवस उस्तादांच्या मोटारीने फाटकाचा खांब घासला. काही दिवसांनी शेजाऱ्याची सायकल चाकाखाली येता येता वाचली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासले. समोरचे त्यांना स्वच्छ दिसत होते, पण दोन्ही बाजूंचे दिसेनासे झाले होते. गाडी चालवायची नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

उस्ताद घरी आले, माझ्यावर ताडपत्री टाकली, दोऱ्या करकचून बांधल्या आणि आत निघून गेले.

लेक म्हणाली, "बाबा, आम्ही चालवतो ना. तुम्ही आरामात बसा."

"मी? शेजारी बसू?" उस्ताद म्हणाले. "मी काय पार्सल आहे?"

झाले. विषय संपला. मी ताडपत्रीखाली.

मित्रांनो, झाकून ठेवले म्हणजे वस्तू जपली जाते, असे पुष्कळांना वाटते. मलाही वाटले होते. पण वाऱ्याने ताडपत्री हलायची आणि माझ्या खिडक्यांच्या काचा घासून घासून धुरकट करायची. आत हवा कोंडली. झरोक्याच्या लुकणाला चीर पडली आणि ती चाचपायला कोणाचे बोट आले नाही. पाणी थेंबथेंब आत झिरपू लागले. माझ्या भिंती कुजत नाहीत, खरे आहे. पण जमीन प्लायवूडची होती. ती दाराजवळ फुगली, मऊ पडली. निळ्या गाद्यांना कुबट वास येऊ लागला. बेसिनखाली मुंग्यांनी संसार थाटला. माझा सगळा गर्व त्या ओल्या प्लायवूडमध्ये जिरला.

एके सकाळी ताडपत्री निघाली. मला वाटले, निघालो! पण उस्तादांबरोबर एक अनोळखी गृहस्थ होते. त्यांनी माझ्या कुशीवर खडूने मोठा चौकोन काढला.

"एवढं कापायचं," ते म्हणाले. "इथे फळी लावली की झाला सरबताचा स्टॉल. आतलं सगळं काढून फेकू."

सरबत वाईट नसते, मित्रांनो. पण ज्याच्या कुशीवर खडू फिरतो, त्याची काय अवस्था होते ते मी सांगू शकत नाही.  उस्ताद नुसते त्या चौकोनाकडे पाहत राहिले.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. त्यांनी चौकोन पाहिला, गृहस्थांना पाहिले, मग पदराने खडू खसाखसा पुसून टाकला.

"तुम्ही दुसरीकडे बघा भाऊ. हा विकायचा नाही."

"मग काय पूजा करायची का त्याची?" उस्ताद उसळले. "चालवणार कोण?"

"मी."

उस्ताद हसले. काकू हसल्या नाहीत. "शिवणयंत्र चालवते आहे लग्नाआधीपासून," त्या म्हणाल्या. "त्यालाही पायाने वेग द्यायचा असतो आणि हाताने दिशा. शिकवायचं तर शिकवा, नाहीतर मी क्लास लावते."

आणि काकूंनी खरोखरच क्लास लावला! कारण उस्ताद रुसून बसले होते. काकूंनी लायसन्स काढले, भाजी आणायला मोटार नेऊ लागल्या, मग शहराबाहेर नेऊ लागल्या. ट्रेलर ओढायचीही वेगळी परीक्षा असते, तीही त्यांना द्यायची होती. तोवर लेकीने माझी दुरुस्ती हाती घेतली होती. ती बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात काम करते. बोटी आणि मी एकाच जातीचे, फायबरग्लासचे. तिने कुजकी जमीन कापून नवी बसवली, झरोका काढून पुन्हा लुकण भरून लावला, तडे घासून त्यांत कापड आणि रेझिन भरले आणि मला पॉलिश केले. मी इतका चमकलो की मांजर माझ्यात स्वतःला पाहून फिस्कारले.

जावईही उत्साही. ते पोहायला शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी त्यांना स्वस्थ बसवत नाही. त्यांनी छतावर सोलर पॅनल चढवले, आत फ्रीज बसवला, नवे दिवे लावले, पाण्याचा पंप जोडला. ड्रिल घेऊन ते पुन्हा छतावर निघाले, तेव्हा लेक खालून ओरडली, "अहो, ते छप्पर आहे, चाळणी नव्हे! एक भोक म्हणजे एक गळती. उतरा खाली!"

उस्ताद खिडकीतून हे सगळे पाहत. पण रिव्हर्सच्या वेळी त्यांना राहवले नाही.

मोकळ्या मैदानात काकू मला मागे ढकलायचा प्रयत्न करत होत्या. ट्रेलर मागे नेणे म्हणजे उलटी दुनिया. मला डावीकडे न्यायचे तर स्टीअरिंग उजवीकडे फिरवावे लागते. काकू डावीकडे फिरवत आणि मी घडी घातल्यासारखा मोटारीला जाऊन भिडत असे. शेवटी उस्ताद चपला घालून मैदानात आलेच.

"अगं, उलटं! उलटं फिरव!"

"उलटंच फिरवते आहे!"

"हे सुलटं आहे!"

"तुम्ही आधी ठरवा हो, उलटं कशाला म्हणायचं ते!"

उस्तादांनी कपाळाला हात लावला. मग जरा विचार करून म्हणाले, "हे बघ, मशीनवर कापड मागून ओढतेस का कधी? नाही ना? हलकेच दाखवतेस आणि ते जातं. याला तसंच दाखव. स्टीअरिंगचा खालचा भाग धर आणि हा जिकडे जायला हवा तिकडे हात ने."

काकूंनी खालून स्टीअरिंग धरले. हात डावीकडे नेला. मी डावीकडे गेलो. अगदी सुतासारखा! काकू गाडीतच टाळ्या वाजवू लागल्या आणि मी मैदानाच्या कुंपणावर टेकलो. पण त्या दिवसापासून उस्ताद रोज येऊ लागले. मी हेलकावे खाऊ लागलो तर काय करायचे, तेही त्यांनी पुन्हा पुन्हा घोकून घेतले. काकूंनी परीक्षा दिली आणि एका फटक्यात पासही झाल्या.

पहिल्या सफरीला काकू आणि उस्ताद पुढे, लेक आणि जावई दुसऱ्या मोटारीने मागे. सामान भरायची वेळ आली तेव्हा उस्ताद पुन्हा फुगून बसले. "जावयांना सगळं कळतं, त्यांनाच भरू दे," म्हणाले आणि माझ्याकडे फिरकलेसुद्धा नाहीत. जावयांनी जिथे जागा दिसली तिथे सामान रचले. जड बॅटऱ्या मागच्या पलंगाखाली, पाण्याचे कॅन तिथेच, हवेची बोट आणि तिचा पंपही तिथेच. माझे नाक हलके झाले आणि शेपूट जड. मला ते जाणवत होते, पण मला सांगता कुठे येते?

पुढच्या मोटारीच्या खिडक्या उघड्या होत्या, त्यामुळे मला आतले बोलणे ऐकू येई. उस्ताद शेजारी बसून काल्पनिक ब्रेक दाबत होते. काकू म्हणाल्या, "पाय दुखतील हो, तिथे काही नाहीये."

घाटाचा उतार लागला. एक मोठा ट्रक शेजारून जोरात गेला आणि त्याच्या वाऱ्याने मी हललो. एरवी मी एकदा हलून सरळ होतो. त्या दिवशी झालोच नाही. शेपूट डावीकडे गेले, मग उजवीकडे, मग आणखी जोरात डावीकडे. मी मोटारीलाही ओढू लागलो. एका बाजूला दरी होती. मित्रांनो, इतका घाबरलो की कंबरेचा सांधा उकलतो की काय असे वाटले.

उस्तादांनी ओरडायला तोंड उघडले. पण ते ओरडले नाहीत. त्यांनी तोंड मिटले, दोन्ही हात मांडीखाली घातले आणि काकूंकडे पाहत राहिले.

काकूंनी मोटारीचा ब्रेक दाबला नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. स्टीअरिंग सरळ, घट्ट धरले. आणि हाताने फक्त मोटारीत बसवलेली माझ्या चाकांच्या ब्रेकची खटकी हळूच दाबली. माझी चाके मागे खेचली गेली, जोड ताणला, शेपूट अजून एकदा हलले, मग थोडे कमी, मग आणखी कमी. मी सरळ झालो. पुढच्या रुंद जागी काकूंनी गाडी बाजूला घेतली, थांबवली, आणि मगच स्टीअरिंगवरचे हात काढले.

जावई धावत आले. त्यांचा चेहरा माझ्याइतका पांढरा झाला होता. "आई, माझं चुकलं. सगळं मागे भरलं मी."

"भरलंत तुम्ही," उस्ताद म्हणाले, "पण बघायला मी होतो ना घरात. फुगून बसलो. निम्मी चूक माझी." मग त्यांनी बाह्या वर केल्या. "चला. जड ते चाकांच्या वर आणि जरा पुढे. दोघं मिळून करू."

रस्त्याच्या कडेला सासरे-जावयांनी माझे पोट रिकामे केले. बॅटऱ्या पुढच्या बाकाखाली बसवून पट्ट्यांनी आवळल्या. पाणी ओतून दिले. बोट मागच्या मोटारीत गेली. लेकीने जोड सोडून माझे नाक जरासे उचलून पाहिले, पुढे पुरेसे वजन आले म्हणून मान डोलावली आणि मला पुन्हा जोडले. काकूंनी तोवर माझ्याच शेगडीवर चहा केला होता.

"चालव," उस्ताद काकूंना म्हणाले आणि शेजारच्या सीटवर बसले.

आता मी घाट उतरलो तो पाळण्यासारखा. खाली सपाट रस्ता लागला, दोन्हीकडे गवताळ माळ.  तेवढ्यात पुढून एक बारीक घरघर ऐकू आली. बेअरिंग गेले की काय, म्हणून मी दचकलो. पण बेअरिंग नवे होते. ते उस्ताद होते. दुसऱ्याच्या हाती गाडी असताना ज्याच्या डोळ्याला डोळा लागत नसे, तो माणूस मान एकीकडे टाकून घोरत होता. काकूंनी आवाज न करता खिडकी वर केली आणि वेग जरासा कमी केला.

त्यानंतर आम्ही खूप फिरलो आणि अजून फिरतो. मी आता बराच म्हातारा आहे, पण माझ्या छतावर दरवर्षी कोणीतरी चढते, झरोक्याची कड चाचपते, चाके फिरवून ऐकते. म्हणून तुम्हाला एवढेच मागतो, मित्रांनो. तुमच्या घराच्या मागे, गच्चीवर किंवा कोपऱ्यात काही झाकून ठेवलेले असेल, तर आज जाऊन ते कापड उचला. पुसा, तेल घाला, सैल झाले असेल ते आवळा आणि मग ते वापरायला काढा. आणि ते वापरणारे घरातले कोणी अलीकडे नुसतेच बसून राहत असेल, तर त्यांनाही हाक मारा. पहिल्यांदा ते नाही म्हणतील. तरी मारा.