लॅपटॉपखालची फळी

सुजितची दोन बोटं कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेली तेव्हा गिरजाबाईंनी देवाकडे एकच मागणं मागितलं होतं, की आता पोराला बसून करायचं काम मिळू दे. देवाने ते ऐकलं. चाकणच्या त्या कंपनीच्या ठेकेदाराने सुजितला प्रेसशॉपच्या कोपऱ्यात स्टुलावर बसवलं आणि पुढ्यात लॅपटॉप दिला. कोणत्या प्रेसवरून किती माल निघाला, किती खराब गेला, याच्या चिठ्ठ्या ऑपरेटर आणून द्यायचे आणि सुजितने ते आकडे लॅपटॉपवर चढवायचे. ऑपरेटरांच्या हातांत जाड मोजे असतात, आणि मोज्यातलं बोट टचपॅडला कळत नाही. म्हणून हे काम करायला एक माणूस वेगळा लागत होता.

गिरजाबाईंची मान जरा वर झाली. कासारवाडीच्या चाळीत कुणी विचारलं, की त्या सांगत, "सुजित कॉम्प्युटरवर आहे." सांगवीच्या एका स्थळाकडेही हाच निरोप गेला होता. बोटांचं त्यांनी लपवलं नव्हतं, पण आधी कॉम्प्युटर सांगायचा आणि मग बोटं, हा क्रम त्यांनी ठरवून टाकला होता.

अडचण अशी, की टचपॅड सुजितलाही दाद देईना. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट नाही. उरलेल्या बोटांनी रेटायला जावं तर तळवा टेकायचा आणि पडद्यावरचा बाण भलतीकडेच पळायचा. माऊस मात्र त्याला छान जमे. तळहाताखाली धरायचा आणि करंगळीशेजारच्या बोटाने दाबायचा. पण माऊस ठेवायचा कुठे? लॅपटॉप ज्या लोखंडी स्टँडवर होता, तो लॅपटॉपएवढाच रुंद. सुजित मांडीवर पुठ्ठा घेऊन त्यावर माऊस फिरवी. पुठ्ठा घसरे, माऊस खाली पडे, आकडे मागे राहत. सुपरवायझर गणराज रोज टोमणा मारायचा, आणि एकदा तर म्हणाला, की दुसरा कुणी बसवावा लागेल.

हे सुजितने घरी जेवताना सांगितलं. त्याचे वडील ज्योतीराम हात धुऊन गॅलरीत गेले आणि जुन्या कपाटाची फळी उलटीसुलटी करून पाहू लागले.

ज्योतीरामांची सगळी नोकरी पिंपरीच्या एका जुन्या कंपनीत, पॅटर्न शॉपमध्ये गेली होती. ओतकामाचे लाकडी साचे करायचे हात ते. त्या काळी कंपनीचा भोंगा झाला की गिरजाबाई तांदूळ वैरायच्या, आणि भात निवायच्या आत नवरा दारात. कामगारांच्या बायकांना कंपनीची पिकनिक, पोरांना वह्या. आता ती कंपनी पाडून तिथे उंच इमारती झाल्या आहेत. तिकडून रिक्षा गेली की गिरजाबाई दुसऱ्या बाजूला बघतात.

ज्योतीरामांनी लॅपटॉपखाली बसेल अशी पातळ पेटी केली. तिच्या पोटात ड्रॉवरची चॅनल बसवून एक फळी घातली. हवी तेव्हा उजवीकडे ओढायची, काम झालं की आत लोटायची. फळीला चारी बाजूंनी बारीक काठ, म्हणजे माऊस पडणार नाही. माऊस ठेवायला आतच एक खण. सबंध वस्तू लॅपटॉपला चिकटपट्टीने अशी बसली, की ती लॅपटॉपबरोबरच विकत मिळाली असावी. गिरजाबाईंनी तिला पॉलिश पेपर मारला. पोराच्या तुटक्या बोटांना लाकडाची कूस लागू नये, म्हणून काठावरून त्या स्वतःचा गाल फिरवून बघत होत्या.

सुजितचा वेग वाढला. गणराजने टोमणे बंद केले, मग फळी सरकवून पाहिली, मग फोटो काढला. कामात काही सुधारणा सुचवली की त्याला कंपनीत कायझेन म्हणतात. त्याचा मोठा फळा दाराशीच असतो आणि त्यावर आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो लावतात. हे तू कायझेनला दे, असं गणराज म्हणाला. सुजितचं मन घेईना. आपलं चाललंय ते बरं, कशाला लोकांच्या डोळ्यांवर यायचं, असं त्याचं म्हणणं.

ज्योतीराम त्याच्यावर रागावले. ते म्हणाले, "अरे, ठेकेदाराचा माणूस म्हणून किती दिवस राहणार? नाव वर गेलं तर पर्मनंटला धरतील. पिंपरीला सुधारणा सुचवली तेव्हा माझं नाव तसंच वर गेलं होतं."

गिरजाबाईंनाही ते पटलं. सुजितने दिलं.

फळीला प्लांटमध्ये पहिला नंबर मिळाला. मोठ्या साहेबांनी सुजितला सर्टिफिकेट दिलं, टाळ्या झाल्या. फोटोत त्याने उजवा हात पाठीमागे घेतला होता. गिरजाबाईंनी चाळीत पेढे वाटले आणि सांगवीला फोटो पाठवला. थोड्याच दिवसांत गणराजचा निरोप आला, की अशाच आणखी पेट्या हव्यात, प्रत्येक प्रेसला एक. ज्योतीराम हरखले. इतक्या कशाला, हे कुणी विचारलं नाही. नवरा-बायको गॅलरीत बसून कामाला लागले. एक कापतोय, एक घासतेय. इतक्या वर्षांत दोघं एवढी बोलली नव्हती. गिरजाबाईंनी प्रत्येक काठाला गाल लावून पाहिला.

पेट्या गेल्या. प्रत्येक प्रेसशेजारी लोखंडी हात बसवून त्यावर लॅपटॉप टांगला, खाली पेटी. ऑपरेटर मोजा न काढता फळी ओढतो, माऊस धरतो आणि आपले आकडे आपणच भरतो. चिठ्ठ्या बंद झाल्या. कोपऱ्यातलं स्टूल दुसऱ्याच दिवशी उचललं गेलं.

ठेकेदाराने सुजितला सांगितलं, की बसायचं काम आता उरलं नाही. प्रेसवर जागा आहे. उभं राहायचं असेल तर ये, नाहीतर तुझी मर्जी.

ज्योतीराम चप्पल घालून गणराजला भेटायला निघाले होते, पण सुजितने त्यांना उंबऱ्यात अडवलं. गणराज तरी काय करणार, त्यालाही वरून आलंय, असं तो म्हणाला. ज्योतीराम परत आत येऊन बसले. गिरजाबाईंना तेव्हा पिंपरीची ती जुनी गोष्ट आठवली. ज्योतीरामांच्या सुचवणीमुळे साचा उचलायची दोन माणसं कमी लागायला लागली होती. त्या दोघांना स्टोअरमध्ये घेतलं होतं, आणि त्यातला एक पुढे घरी येऊन ज्योतीरामांच्या पाठीत धपका घालून म्हणाला होता, "काय राव, तुझ्यामुळे सावलीत आलो." त्यांनी ते नवऱ्याला बोलून दाखवलं नाही. त्याला ते आठवत नसेल, असं नव्हतं.

सांगवीचं स्थळ फिसकटलं. त्याचं कारण कुणी दिलं नाही आणि यांनी विचारलं नाही.

सुजित प्रेसवर जाऊ लागला. पहिल्या दिवशी तो आला तेव्हा ज्योतीरामांनी फार वेळ दम धरला. शेवटी न राहवून विचारलं, की फळी सरकतेय ना नीट, चॅनल अडकत नाही ना?

"मस्त सरकते, बाबा. माझ्याच प्रेसला पहिली लावलीय," सुजित म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तोच असता तर बरं झालं असतं, असं गिरजाबाईंना वाटलं.

त्यांनी ताट वाढलं आणि शेजारी बसल्या. बोटं गेली तेव्हा जे विचारायचा त्यांना धीर झाला नव्हता, ते त्यांनी आता विचारलं. प्रेसला दोन बटणं असतात म्हणे, दोन्ही हात दोन्ही बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. ती बटणं चालतात का?

"एक चालतं, आई."

"आणि दुसरं?"

"ते टेप मारून दाबूनच ठेवलेलं असतं. दोन्ही दाबत बसलं तर तासाला ठरलेले आकडे भरत नाहीत." सुजितने भाकरी डाव्या हाताने मोडली. "आणि आता ते आकडे मलाच भरायचे असतात."

ज्योतीराम उठून गॅलरीत गेले. तिथे उरलेल्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. प्रेसच्या पुढच्या लाइनसाठी आणखी पेट्या लागतील, असं गणराजने सांगून ठेवलं होतं. गिरजाबाई कान देऊन बसल्या. त्यांना वाटलं होतं, की आता काहीतरी मोडल्याचा आवाज येईल. पण करवतीचाच आवाज आला, सावकाश आणि सरळ रेषेत.